वास कुठून येतो?

मोटारीची गोष्ट निघाली की लोक इंजिनाविषयी बोलतात, वेगाविषयी बोलतात, फार झाले तर रंगाविषयी बोलतात. तिच्या पॅकिंगविषयी कोणी बोलत नाही. कुकरचेही तसेच आहे. कुकर किती लिटरचा हे सगळ्या घराला ठाऊक असते. पण झाकणातली रबरी रिंग कडक झाली, बाजूने वाफ फुसफुसू लागली आणि डाळ कच्ची राहिली म्हणजे मगच त्या बिचारीची आठवण होते. मला आज अशाच एका रिंगेविषयी लिहायचे आहे. ती माझ्या मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीची. किंमत म्हणाल तर एका वेळच्या चहा-केकइतकी. पण २०२३ सालच्या दिवाळीत आमच्या दारात पणत्या लागायच्या की नाही, हे त्या रिंगेवर येऊन ठेपले होते!

आम्ही मूळचे सांगलीकडचे. पोटापाण्यासाठी इंग्लंडात आलो, शाळेत गणित शिकवण्यात हयात गेली आणि आता ऑक्सफर्डशायरमध्येच म्हातारे झालो. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. १९८० साली बंद होईपर्यंत एम. जी. मोटारींचा कारखाना तिथे होता. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. १९६२ ते १९८० या काळात त्यांनी ‘एम. जी. बी.’ नावाची मोटार केली आणि पाच लाखांहून अधिक गाड्या जगभर धाडल्या. त्यांतलीच १९७२ सालची, दोन माणसांची, कापडी टपाची एक गाडी मी पन्नाशी उलटल्यावर घेतली. सौ. तिला ‘तुमची बग्गी’ म्हणते. स्वतः मात्र डोक्याला रुमाल बांधून बग्गीत ऐटीत बसते, ही गोष्ट वेगळी.

दिवाळीला पंधरवडा राहिला असेल. सौ. गॅरेजातून चकलीचा सोऱ्या काढून आली आणि म्हणाली, “अहो, तिथं पेट्रोलचा वास येतोय.”

मी जाऊन हुंगले. मला काही विशेष जाणवले नाही. यात नाकाचा दोष नाही. रोज एका वासात वावरणाऱ्याचे नाक त्याची दखल घ्यायचे सोडून देते. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या नाकावर भरवसा ठेवावा, हे मी संसारात फार पूर्वीच शिकलो आहे.

वास साधा असता तर बिघडले नसते. पण आमचे गॅरेज घराला चिकटून आहे आणि त्याच्या दारासमोर दर दिवाळीला पणत्यांची ओळ मांडायचा आमच्या नातीचा हक्क आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीने-चौपटीने जड. ती वर उडून जात नाही. जमिनीवरून पाण्यासारखी सरपटत जाते आणि दाराच्या फटीखालून बाहेर येते. उणे चाळीस अंशांच्या थंडीतही पेट्रोलमधून पेट घेण्याजोगी वाफ निघते. हवेच्या शंभर भागांत तिचे दीड भाग मिसळले की ठिणगीला पुरते. पणत्या कुठे असतात? जमिनीवरच.

सौ. एवढेच म्हणाली, “एक तर पणत्या, नाही तर ती बग्गी. काय ते ठरवा.”

मी त्याच दिवशी गाडी गॅरेजाबाहेर काढून उघड्यावर उभी केली आणि एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने वाकून पाहिले, मान हलवली आणि सांगितले, “टाकी गेली. नवी घाला.” त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. या मोटारीची टाकी मागच्या सामानकप्प्याच्या तळाखाली टांगलेली असते. तळ आणि टाकी यांच्यामधल्या सांदीत चिखल आणि ओल साठते आणि टाकी वरून गंजते. पण वास येतो म्हणजे टाकी गेली, हा निष्कर्ष गणिताच्या मास्तराला कसा पटावा? वास कुठून येतो, हे आधी सिद्ध व्हायला हवे.

संशयित चार होते. टाकीच्या टोपीतले गॅस्केट, टोपीपासून टाकीपर्यंत जाणारी आखूड रबरी नळी, टाकीचा गंजका माथा, आणि चौथा म्हणजे पेट्रोल किती आहे हे काट्याला कळवणारे यंत्र. त्याला ‘सेंडर’ म्हणतात. त्याचा तरंगता गोळा टाकीच्या आत असतो आणि चकतीसारखे तोंड टाकीच्या पुढच्या अंगाला बाहेर दिसते. ती चकती आणि टाकीचा पत्रा यांच्यामध्ये बसलेली रबरी रिंग म्हणजे आपल्या गोष्टीची नायिका.

आमच्या दारचा रस्ता घराकडे उतरता आहे. गाडी नेहमीप्रमाणे तोंड खाली करून उभी होती. म्हणजे टाकीतले पेट्रोल पुढच्या अंगाला, सेंडरच्या बाजूला लोटलेले. मी गाडी फिरवून तोंड चढाकडे केले. दुसऱ्या दिवशी सौ.ला हुंगायला लावले. “कालच्यापेक्षा पुष्कळ कमी,” असा निकाल मिळाला. टोपी आणि नळी मागच्या अंगाला आहेत. त्या गळत असत्या, तर अशा वेळी वास वाढायला हवा होता. दोन संशयित सुटले. टाकी तर जेमतेम अर्धी भरलेली होती, म्हणजे पेट्रोल माथ्यापर्यंत पोचतच नव्हते. तिसराही सुटला.

उरला सेंडर. मास्तराच्या घरात दुसरे काही नसले तरी खडू असतो. मी सेंडरच्या कडेने पांढरा खडू जाड घासला, गाडीचे तोंड पुन्हा उताराकडे केले आणि तासभर वाट पाहिली. चकतीच्या खालच्या बाजूला, द्वितीयेच्या चंद्राएवढी, खडू भिजून काळवंडलेली कोर उमटली होती. बाकी सगळी टाकी कोरडी ठणठणीत. चोर सापडला.

आता या रिंगेचे काम तरी काय? चकती लोखंडी, टाकी लोखंडी. दोन लोखंडे कितीही घट्ट आवळली तरी त्यांच्यात बारीक उंचसखलपणा उरतोच. रिंग दोघांहून मऊ असते. ती स्वतः दबते, दोघांचे खाचखळगे आपल्या अंगावर घेते आणि त्यामुळे थेंब बाहेर येत नाही. दबण्याची शक्ती आहे तोवर तिचा उपयोग; ती ताठ झाली की संपले. प्रत्येक एकत्र कुटुंबात असे एखादे माणूस असते. त्याच्याकडेही ते ताठ होईपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही.

रिंग ताठ होण्याला वय हे कारण होतेच. पण दुसरे एक कारण ऐकून मला हसू आले. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये शेकडा १० पर्यंत इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळतात. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. त्याने रबर फुगते आणि सुकले की आवळून तडकते. आपल्याकडे हेच इथेनॉल उसापासून आणि साखर कारखान्यांच्या मळीपासूनही करतात. सांगलीला लहानपणी वारा फिरला की मळीचा तो आंबूस वास घरात शिरे आणि आई खिडक्या लावून घेई. त्या मळीच्या भावंडाने मला इंग्लंडात येऊन गाठावे, याला काय म्हणावे! भारतातही २०२५ सालापर्यंत पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण शेकडा २० वर गेले. ज्यांच्या दारात वडिलांची स्कूटर किंवा जुनी फियाट अजून जपलेली असेल, त्यांनी तिच्या पेट्रोलच्या नळ्या आणि पॅकिंगे एकदा दाबून पाहावीत.

नवी रिंग मागवली ती व्हायटॉन नावाच्या रबराची. १९५७ साली निघालेले हे रबर पेट्रोल आणि मद्यार्क दोन्ही सोसते. ती येईपर्यंत टाकी रिकामी करायला हवी होती, कारण सेंडर पेट्रोलच्या पातळीखाली येतो. पेट्रोल काढण्याचा उत्तम मार्ग म्हणजे गाडी चालवणे. टाकी पावाहून खाली येईपर्यंत आम्ही दोघे खेड्यापाड्यांतून हिंडून आलो. राहिलेले पेट्रोल हातपंपाने पत्र्याच्या डब्यात काढले.

मग भर दुपारी, उघड्यावर, काम सुरू केले. दिवा नाही, विजेचे हत्यार नाही. सीटांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांची तार प्रथम सोडवली. गाडी मागून उचलून पक्क्या घोड्यांवर ठेवली. सेंडर एका गोल कड्याने जखडलेला असतो. ते कडे ठोकून फिरवावे लागते. लोखंडावर लोखंड आपटले तर ठिणगी उडायची. म्हणून कड्याला लाकडी खुंटी टेकवली आणि सौ.कडे पितळी खलबत्त्यातला बत्ता मागितला.

“न्या,” ती म्हणाली, “पण मला वेलदोडे कुटायचेत. लाडूंना पेट्रोलचा वास आलेला चालणार नाही!”

चार ठोक्यांत कडे फिरले. सेंडर वाकडातिकडा करत, तरंगता गोळा सांभाळत बाहेर काढला. जुनी रिंग बोटांत दाबली तर सुपारीसारखी कडक. वाकवली तर कट्कन तुटली. बसण्याची जागा पुसून लख्ख केली, नवी रिंग बसवली, कडे उलट ठोकून जखडले, तारा जोडल्या. टाकी भरली आणि पुन्हा कडेने खडू घासला. गाडीचे तोंड उताराकडे करून रात्रभर उभी ठेवली. सकाळी खडू दुधासारखा पांढरा होता.

तरीही मी निकाल दिला नाही. दोन दिवस गाडी गॅरेजात बंद ठेवली आणि तिसऱ्या दिवशी सौ.ला बोलावले. ती आत गेली, दार लावून घेतले, पाच मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, “आता नुसता तुमच्या जुन्या पुस्तकांचा वास येतोय.”

१२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले. नातीने ओळीने एकवीस पणत्या मांडल्या. तरी गाडी मात्र मी त्या रात्री दूर, रस्त्यापलीकडे उभी केली होती. आजोबांचे गणित बरोबर असले तरी नातीच्या परकराची किनार त्याच्या भरवशावर टांगायची नसते. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सौ. गॅरेजात जाऊन नाकाने तपासणी करते. वेतन म्हणून बग्गीतून एक फेरी.