दक्षिणेकडे तोंड

बँकेत बसून मी आजवर जितके चेहरे पाहिले, त्यांतले निम्मे साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे होते. पासपोर्ट साइजच्या फोटोचं एक शास्त्र आहे. खातेदाराशी साम्य जितकं कमी, तितका फोटो अधिकृत! नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला काउंटरवर येतात, तेव्हा माणूस समोर धडधाकट उभा असतो आणि फोटोतला मात्र केव्हाच गेलेला दिसतो.

अशाच एका नोव्हेंबरात आई म्हणाली, "माझा एक बरा फोटो काढून ठेव."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? ह्यांच्यासारखं व्हायला नको."

वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा एकही फोटो सापडला नव्हता. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रूप फोटोतून त्यांना कापून काढावं लागलं. खांद्यावर परक्या माणसाची चार बोटं होती. ती झाकायला स्टुडिओवाल्याने कोट चढवला, वर टाय. ज्या गृहस्थाने स्वतःच्या लग्नातही कोट घातला नाही, तो गेली नऊ वर्षं आमच्या भिंतीवर टाय बांधून बसला आहे. हार घालताना मी नकळत मॅनेजरसमोर वाकावं तसा वाकतो.

तेव्हा फोटो काढणं भाग होतं. गौतम राजाध्यक्ष तरी मूळचे रसायनशास्त्राचेच की! त्यांनी पुढे 'चेहरे' नावाचं पुस्तक करण्याइतके चेहरे टिपले. मला एकच टिपायचा होता, आणि तोही ओळखीचा.

पहिला प्रयत्न रात्री, ट्यूबलाइटखाली. उजेड थेट डोक्यावरून, त्यामुळे डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. ट्यूब मागच्या भिंतीवर असती तर डोक्यातून उगवली असती. ते काम कॅलेंडरने केलं. शिवाय फोन मी हातभर अंतरावर धरलेला.

"माझं नाक एवढं आहे?" आईने विचारलं.

नाक निर्दोष होतं. कॅमेरा फार जवळ नेला की पुढचं नाक फुगतं आणि मागचे कान आकसतात. उपाय सोपा : चार-पाच फूट मागे सरावं आणि झूम करावं. मी सरलो. फ्रिजला आपटलो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिला परसात नेलं. उजेडाला तोटा नको म्हणून उन्हाकडे तोंड करून बसवलं. ती डोळे किलकिले करत म्हणाली, "दक्षिणेकडे तोंड करून बसवतोस? इतकी घाई झालीय का रे?"

मी चरकलो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, वगैरे भूगोल सांगायची ती वेळ नव्हती.

पण दिशांचा विचार तिथून सुरू झाला. आमचं चेणे घोडबंदर रोडवर : दक्षिणेला नॅशनल पार्कचे डोंगर, उत्तरेला खाडी. चित्रकार पूर्वीपासून उत्तरेची खिडकी पसंत करतात. तिथून ऊन घुसत नाही, आभाळाचा नुसता मऊ उजेड येतो. तो एका बाजूने चेहऱ्यावर पडला, की सावलीतल्या गालावरही उजेडाचा लहानसा त्रिकोण उमटतो. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांच्या नावाने फोटोवाले तो आजही ओळखतात. आमच्या घराचं दार उत्तरेला, आणि मी जन्मभर त्याचा उपयोग फक्त बस पकडायला केला!

रविवारी सकाळी आई त्याच दारात तांदूळ निवडत बसली होती. मी कॅलेंडर काढलं, सावलीच्या बाजूला पांढरी चादर धरून सौ.ला उभं केलं.

"मी काय वाळत घालायची दोरी आहे?" सौ. म्हणाल्या. पण चादरीवरचा उजेड आईच्या गालावर गेला आणि सुरकुत्या निवळल्या. पुसल्या नाहीत, नुसत्या निवळल्या. तिच्या हनुवटीवर एक तीळ आहे, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

"आई, इकडे बघ."

"चहा घेतलास का?" असं विचारायला तिने मान वर केली, आणि मी बटण दाबलं.

तिने फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. मग पदराने काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"चांगलाय. पण ह्यांच्या शेजारी लावू नकोस हो. ते कोटात, आणि माझ्या मांडीवर सूप!"