दारातली गाडी आणि पत्नीची वही

आमच्या घरातली पहिली चारचाकी मी २०२१ च्या दसऱ्याच्या सुमारास घेतली. गाडी २००७ सालची, पेट्रोलची, लहान. किंमत ६५,००० रुपये. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. चौदा वर्षे वापरलेल्या यंत्राचे जे होते तेच तिचे झाले होते. चूक माझी होती. ती आपल्यातल्या दुसऱ्या कुणी करू नये म्हणून हे चार शब्द.

माझे वडील कल्याण स्टेशनवर हमाली करीत. दुसऱ्यांचे सामान गाडीत चढवण्यातच त्यांचे आयुष्य गेले. त्यामुळे दारात स्वतःची गाडी उभी राहिली तेव्हा मला काय वाटले असेल, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. मुलांनी हार घातला, चाळीत पेढे वाटले, आईला पुढच्या सीटवर बसवून फोटो काढला. बॉनेट उघडून पाहायचे मात्र राहून गेले. विकणारा ओळखीचा होता. "दादा, एकदम चालू गाडी आहे, बघायचे कामच नाही," एवढ्या शब्दावर मी पैसे मोजले. त्यातले २५,००० पत्नीने बचत गटातून कर्ज काढून दिले होते.

पंधराच दिवसांत बॅटरी बसली. ३,८०० गेले. डिसेंबरात गाडी पुलाच्या चढावर नुसती आवाज करू लागली, पुढे सरकेना. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी मिळून ६,२००. मग टायर. वरून नक्षी चांगली दिसत होती, पण रबराला चिरा पडलेल्या. चार टायरचे ११,६०० झाले. पाठोपाठ खड्ड्यात खडखड वाजणारे सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट, ४,४००. पत्नी प्रत्येक खर्च वहीत लिहीत होती. काही बोलत नव्हती. तिचे न बोलणेच मला जास्त लागत होते.

मे २०२२ मध्ये मावशीच्या पुण्यानुमोदनाला आम्ही नाशिकला निघालो. भर दुपारची वेळ. कसारा घाटात ट्रकांची रांग लागली होती, गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत होती. तापमानाचा काटा लालवर गेला तो मी पाहिलाच नाही. बॉनेटमधून वाफ आली, मागून पांढरा धूर निघाला आणि इंजिन बंद पडले. सत्तर वर्षांच्या आईला आम्ही दगडावर बसवून डोक्यावर ओढणी धरली. मी घाईने रेडिएटरचे झाकण उघडायला गेलो, तेव्हा एका ट्रकवाल्याने माझा हात मागे ओढला. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

टोचन करून गाडी परत आणली, त्याचे २,५००. मिस्त्रीने रेडिएटर उघडला तर आत पिवळा चिखल. "काका, गळती थांबवायला यात हळद टाकलेली आहे," तो म्हणाला. हळदीने बारीक भोक काही दिवस बुजते, पण तिचा गाळ नळ्यांत बसतो. त्यात वर्षानुवर्षे कूलंटऐवजी नळाचे पाणी, म्हणजे आत गंज आणि क्षार. चढावर इंजिनाला ताण जास्त, वेग कमी म्हणून समोरून वारा नाही, आणि पंख्याची मोटरही जळालेली. उष्णतेने हेड वाकले आणि गॅस्केट फुटले. हेड लेथवर घासून घेणे, नवे गॅस्केट, पंखा आणि मजुरी ९,५००, रेडिएटर ३,५००.

घरात त्या वेळी एकच रक्कम होती. मोठ्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी डब्यात ठेवलेले ३०,०००. त्यातून १५,५०० काढले. मुलगी रागावली नाही. वहीतली बेरीज करून तिने माझ्यापुढे ठेवली. सात महिन्यांत ४१,५०० रुपये. "पप्पा, ही गाडी आपल्याला पोसायची की मला शिकवायचे?" एवढेच ती म्हणाली.

पुढचा खर्चही दिसत होता. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. माझी ऑगस्टमध्ये संपत होती. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० झाले होते. पर्यावरण कर वेगळा, तपासणीत पास होण्यासाठी गंजलेल्या तळाचे वेल्डिंग वेगळे. मी गाडी विकायला काढली.

घ्यायला रंगकाम करणारा एक तरुण आला. माझ्याही मनात आले, आपल्याला कुणी हळदीचे सांगितले होते? पण घाटातल्या दगडावर बसलेली आई डोळ्यांपुढे आली. मी वही त्याच्या हातात दिली, गंजलेला तळ मॅट उचलून दाखवला, नोंदणीचे सांगितले. ५०,००० ची अपेक्षा होती, ४०,००० ला सौदा झाला. तो म्हणाला, "काका, वही पण द्या." ती मी दिली. पैशांतून बचत गटाचे राहिलेले कर्ज फेडले आणि मुलीचा डबा पुन्हा भरला. तिचा प्रवेश झाला.

वाचकहो, जुनी गाडी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. पण आपला मिस्त्री सोबत न्या. सकाळी इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर संशय घ्या. थंड इंजिनावरच रेडिएटरचे झाकण उघडा, पाणी तांबूस किंवा पिवळे नसावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस असेल तर ऑइलात पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल सांगतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला मागा. आणि किंमत ठरली की तिच्या निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढा. तेवढी निघत नसेल तर गाडी परवडत नाही असे समजा.

आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा. हार घातलेल्या गाडीचा फोटो आजही भिंतीवर आहे. पण मला शहाणे केले ते त्या वहीने.