हवेनं पांढरं झालेलं रेशीम

रेशीम पांढरं करायला ब्लीच लागतं ते हवेतून काढता येतं! हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचेना. आमच्या वालूर गावात लोक बारवा बघायला येतात, मी मात्र भेटेल त्याला ओट्यावर नेऊन आधी माझी बादली दाखवते.

आमचे चंद्रिकेवरचे, म्हणजे रेशीमकिडे कोष विणतात त्या चौकटीवरचे, चांगले कोष जालन्याच्या बाजारात जातात, डागी तेवढे घरी राहतात. तेच साबण-सोड्याच्या पाण्यात उकळले. कच्च्या रेशमाच्या वजनात साधारण पाव हिस्सा सेरिसिन असतं, म्हणजे कोषाचा डिंक. तो सुटला, मऊ गोळा हाती आला, तकलीवर सूतही निघालं. पण पिवळट झाक काही जाईना. कारखान्यांत ती घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइडच्या गरम पाण्यात रेशीम तासन्‌तास ठेवतात.

आणि इथं? भाज्या धुवायचं ओझोनचं यंत्र, माठातलं गार पाणी आणि लिंबू पिळलेलं! गार, आंबट पाण्यात ओझोन जास्त टिकतो. नळीतून बुडबुडे सुटले आणि वीज कडाडून गेल्यावर येतो तो वास आला. 1840 साली शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ओझोन ओळखला तो याच वासावरून. यंत्रात हवेतल्या ऑक्सिजनच्या दोन अणूंना तिसरा अणू चिकटतो, टिकत मात्र नाही. सुटतो तो थेट रंगाच्या रेणूवर तुटून पडतो. मागं उरतो निव्वळ ऑक्सिजन.

लडीचं एक टोक बुडवलं, दुसरं बाहेर ठेवलं. सावलीत वाळवून आत्याच्या हातात दिली. "अगं, ही दोन सुतं जोडलीस का?" मला तर नाचावंसं वाटलं!

पण हा वायू जहाल. रेशीम म्हणजे प्रथिन. वेळ लांबला की त्यातल्या टायरोसिन, ट्रिप्टोफॅनवर ओझोन चालून जातो, रेशीम उलट पिवळं पडतं, धागा कच्चा होतो. रंगीत पैठणीला तर हे पाणी लावूच नका. जीन्सचा निळा रंग कारखान्यांत याच ओझोननं उतरवतात. श्वासातून गेला तर छातीत चुरचुरतं, म्हणून यंत्र उघड्या ओट्यावर, आणि मी लांब.

पांढरेपणा कुठवर वाढतो, ताकद कुठून घटते, हे धागा ताणून मोजल्याशिवाय कळायचं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन योजना आहे. कमी-जास्त वेळ बुडवलेल्या लड्या चिठ्ठ्या लावून बांधून ठेवल्यात. त्या घेऊन आता तिथंच जाणार!