काम नसताना पणजीला

मैत्रिणींनो, घराबाहेर पडायला आपल्याला कारण लागतं, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? लग्न, बारसं, डॉक्टर, मुलांची फी, माहेरी कुणाचं तरी काही. नुसतं ‘जाऊन येते’ म्हणायची सोयच नाही. मी तरी ते लग्न झाल्यापासून कधी म्हटलं नव्हतं.

या दिवाळीनंतर मात्र म्हटलं. भाताची झोडणी आटोपली होती, शाळेला सुट्टी होती, आणि तासिका तत्त्वावर शिकवल्याचे रखडलेले पैसे एकदाचे हातात आले होते. ते कुकरच्या रिंगपासून मुलाच्या बुटांपर्यंत कशाकशात जिरणार, हे ठरलेलंच होतं. त्यातले थोडे बाजूला काढून मी सासूबाईंना म्हटलं, “आई, आपण दोघी एक दिवस पणजीला जाऊन येऊया.”

त्या तांदूळ पाखडत होत्या. हात थांबला.

“पणजीक? कोण आजारी पडला?”

हसू नका. आमच्या भागात हा प्रश्न अगदी सरळ आहे. मोठं दुखणं आलं की सिंधुदुर्गातली माणसं बांबोळीच्या इस्पितळाची वाट धरतात. मामंजींच्या शेवटच्या वर्षात आई त्यांच्याबरोबर कितीदा गेल्या, त्याची गणतीच नाही. पणजी म्हणजे त्यांना बसच्या खिडकीतून दिसलेली पणजी. मांडीवर फायली, पिशवीत पेजेचा डबा.

“कोणी आजारी नाही. बोटीत बसायचं नि यायचं.”

“कशाक?”

हाच प्रश्न रात्री ह्यांनीही विचारला, फक्त शुद्ध भाषेत. मी काहीच उत्तर दिलं नाही. फडताळाच्या दाराला एक कागद चिकटवला: भात किती, आमटी कुठे, मुलीची वेणी कोणी घालायची. (एक सांगून ठेवते. प्रवासाला घावणे न्यायचे तर पूर्ण निवू द्यावेत आणि मग केळीच्या पानात गुंडाळावेत. गरम गुंडाळले की घाम सुटून चिकटतात. सोबत सुकी चटणी. ओलं खोबरं दुपारपर्यंत टिकत नाही.)

सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो. धामापूरचा तलाव धुक्यात होता, भगवतीच्या देवळाची कौलं तेवढी दिसत होती. १५३० साली बांधलेला हा तलाव. पाण्याची नवलाई आम्हांला असायचं कारण नाही. पण घरचं पाणी वेगळं. त्याच्याकडे आपण कपड्यांचं बोचकं घेऊन बघतो. नेरूरपारचा पूल ओलांडून कुडाळ, तिथून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी. म्हापशाला बस बदलली आणि पणजीचा पूल येण्याआधीच उतरलो. आई गोंधळल्या. “पूल पुढे आसा मां?”

“आज पुलावरनं नाही जायचं.”

बेतीच्या धक्क्यावर फेरीबोट लागलेलीच होती. तिचं लोखंडी फळकूट खाली पडलं, आधी स्कूटरवाले धडधडत बाहेर आले, मागून चालणारी माणसं. मी आईंचा हात धरला. त्यांचा दुसरा हात कनवटीला.

“तिकीट?”

“चालत जाणाऱ्याला तिकीट नाही.”

“असा कसा फुकट?” त्या काही केल्या पटवून घेईनात. मी सांगितलं, १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला होता, तेव्हा नवा पूल होईपर्यंत लोकांना या बोटींचाच मोठा आधार होता. आता शेजारी तीन पूल उभे आहेत, तरी बोट चालू आहे.

त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. आईंचं माहेर मालवणचं. लहानपणी एकदा त्या मुंबईच्या बोटीने गेल्या होत्या. ती बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची, पडावातून जाऊन वर चढायचं. वाटेत सगळा वेळ उलट्या, एवढंच त्यांना आठवतं. ही बोट मात्र पाच-सात मिनिटांत पलीकडे लागते. पणजी जवळ आली, झाडं दिसली, पिवळ्या-पांढऱ्या इमारती दिसल्या आणि फळकूट पडलंही.

सगळी उतरली. आई हलेनात.

“परत जाया?” त्यांनी विचारलं.

मग आम्ही परत बेतीला गेलो. आणि पुन्हा पणजीला. दुसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, तोंड पाण्याकडेच होतं, “पुलावरसून जाताना तेंका ह्यो बोटी दिसत. म्हणत, बरो झालय की बोटीन जावया.”

मी काय बोलणार? मला वाटलं होतं, मी त्यांना फिरायला नेतेय. खरं तर मलाच घराबाहेर पडायचं होतं आणि एकटीने जायचा धीर नव्हता, म्हणून त्यांना बरोबर घेतलं. मामंजींचं हे बोलणं मला ठाऊकच नव्हतं. एकाच घरात आम्ही दोघी इतकी वर्षं, पण बोलतो ते मिठाचं, दुधाचं.

पणजीत काही विशेष केलं नाही. नदीकाठाने सावलीतून चाललो. जुन्या सचिवालयाशेजारी, म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्यापाशी, एक पुतळा आहे: झगा घातलेला पुरुष हात पसरून उभा, समोर कलंडलेली बाई. “ह्यो भूत काढता काय?” आईंनी विचारलं. तसं फार चुकलं नव्हतं. तो आबे फारिया, १७५६ साली कांदोळीला जन्मलेला पाद्री. पॅरिसला जाऊन त्याने संमोहनाचे प्रयोग केले. झोप आणणाऱ्याच्या हातात काही शक्ती नसते, सगळं झोपणाऱ्याच्याच मनात असतं, असं त्याचं म्हणणं. मी मास्तरीण, त्यामुळे एवढं सांगितल्याशिवाय राहवलं नाही. आई म्हणाल्या, “मगे त्येणा हात कित्याक पसरल्यान?”

नदीत कॅसिनोच्या मोठ्या बोटी नांगरलेल्या होत्या. त्या कुठे जातात? कुठेच नाही, आत जुगार चालतो. “मगे बोट कशाक होई?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

घावणे बाकावर बसून खाल्ले. तरी एका जुन्या हॉटेलात पातळभाजी-पाव नि बन्स मागवले. कुणी तरी केलेलं, बसल्या जागी आलेलं, गरम. आईंनी चहा दोनदा घेतला. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या पायऱ्यांवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तिथे अर्धा तास आणि चांभार शोधण्यात पुढचा अर्धा तास गेला. बाजारात शिरायचं राहिलं ते राहिलंच.

परतताना तिसरी फेरी. ऊन कललं होतं. या वेळी आई पुढे होऊन स्वतःच बोटीत चढल्या, माझा हात न धरता.

घरी पोचायला रात्र झाली. भात जरा लागला होता, मुलीची वेणी एका बाजूला गेली होती, बाकी ठीक. ह्यांनी पिशवीकडे पाहिलं. रिकामा डबा नि केळीचं पान.

“काही आणलं नाहीत?”

“नाही.”

“मग गेलात कशाला?”

मी तोंड उघडणार, एवढ्यात आई पाय धुवायला मागल्या दारी जाता जाता म्हणाल्या, “बोटीत बसाक.”