कासच्या पठारावरील आमरी

चातुर्मासात साधू-साध्वींचा विहार थांबतो, कारण पावसाने भूमी सूक्ष्म जीवांनी व अंकुरांनी भरून जाते. हे प्रत्यक्ष पाहावयाचे असल्यास साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील कासच्या पठारावर जावे. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरील या जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम आहे. उन्हाळ्यात तेथे वाळलेल्या गवताशिवाय फारसे काही दिसत नाही. पावसाळ्यात मात्र फुलांचे ताटवे उमलतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला.

रंगांच्या या गर्दीत शुभ्र हबेनारिया सहज नजरेतून सुटते. जमिनीत वाढणाऱ्या आमरींची, म्हणजेच ऑर्किडची, ही एक प्रजाती. तिची एक जाती पावसाळ्याच्या आरंभी जमिनीलगत बहुधा एकच हृदयाकृती पान पसरते आणि त्यावर पांढरे फूल धरते. दुसरीची फुले दांड्याच्या एकाच बाजूस, दात घासण्याच्या ब्रशप्रमाणे, ओळीने लागतात.

पाऊस सरला की पाने-फुले सुकतात आणि मातीखाली उरतो केवळ कंद. फुलोऱ्याच्या काळातच जुन्या कंदाशेजारी नवा तयार होतो. पुढील वर्षाचे रोप त्यातूनच उगवते. बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नसाठा नसल्याने मातीतील विशिष्ट बुरशीच्या साहाय्याशिवाय ते निसर्गात रुजत नाही. म्हणून हौसेने उपटून आणलेला कंद घरी बहुधा जगत नाही, आणि पठारावरील त्याची जागाही सहजी भरून येत नाही.

ज्यांना ही आमरी घरी वाढवावयाची असेल, त्यांनी रोपवाटिकेत तयार केलेलाच कंद घ्यावा. कुंडीतील मिश्रण पाण्याचा त्वरित निचरा होणारे असावे. वाढीच्या काळात ओलावा राखावा, पण पाणी साचू देऊ नये. पाने पिवळी पडू लागताच पाणी हळूहळू बंद करून कुंडी कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावी. नवा कोंब दिसेपर्यंत धीर धरावा. या विश्रांतीत दिलेल्या पाण्यानेच कंद कुजतो.

जैन घरांत कंदमूळ वर्ज्य करण्याची शिकवण बालपणापासून मिळते. ताटात पाळली जाणारी तीच जयणा पठारावर पाऊल टाकतानाही पाळावी. आखलेली पायवाट सोडू नये आणि फूल पाहून तेथेच राहू द्यावे.