शेवटच्या कडव्यातलं नाव

वही मुळात हिशेबाची. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, नांदेडच्या इतवाऱ्यातून आणलेली. आबा उस्मानशाही मिलमध्ये कामाला होते आणि रात्री गल्लीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवत. पानावर जमा आणि नावे असे दोन रकाने आखलेले. जमेच्या बाजूला आबांनी गायकाची ओळ लिहिली, नावेच्या बाजूला कोरसनं झेलायची. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी आमच्या घरात अशी दोन रकान्यांत नांदली.

दादांचं ‘वाटचाल’ १९७३ साली छापून निघालं, ‘मोहळ’ १९७६ साली. ती पुस्तकं आमच्या गल्लीत फार उशिरा पोचली. गाणी आधीच आली होती, एका पार्टीच्या वहीतून दुसरीच्या वहीत. परगावची पार्टी मुक्कामाला आली की आबा तिची वही रात्रीपुरती मागून घेत आणि कंदिलाजवळ बसून उतरवून काढत. सकाळी परत करायची असे, म्हणून पहाटेकडचं अक्षर वाकडंतिकडं. पण एक गोष्ट कुठल्याच वहीतून सुटली नाही. शेवटच्या कडव्यात दादा आपलं नाव गुंफत, अभंगात संत गुंफतात तसं. ढोलकीवाला बदलला, चाल बदलली, मधली दोन कडवी गळाली, तरी ‘वामन’ जागेवर असे.

१९७८च्या जुलैत विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि त्याच्या विरोधात आमचा मुलूख पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत दलित समाजातल्या पोचिराम कांबळे यांना ठार मारलं. मी आठ वर्षांची होते. मोठी माणसं हळू बोलत होती, एवढं आठवतं. त्या आठवड्यात मायनं वही ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून दडवली. चार महिन्यांनी बाहेर काढली, तेव्हा काही पानांचे खालचे कोपरे कसरीनं खाल्लेले होते.

माय अंगठा लावायची. गाणी मात्र सगळी पाठ. जात्यावर, धुण्यावर, जयंतीच्या मिरवणुकीत. एका दुपारी तिनं वही माझ्यापुढं ठेवली. “ह्या पानावर कंचं गाणं हाय, तेवढं सांग. पुढचं मी बघते.” मी पहिली ओळ सांगितली. तिनं बोट ठेवलं आणि हळूहळू गाऊ लागली, एका शब्दाला एक पाऊल. गाण्यात शब्द पुन्हा आला की कागदावर त्याची आकृती पुन्हा यायची आणि ती मला हाक मारून दाखवायची. तिला पहिल्यांदा ओळखू आलेली अक्षरं ग म भ न नव्हती. वा, म आणि न होती, कारण प्रत्येक गाण्याच्या शेवटी ती तिला ठरलेल्या ठिकाणी भेटत.

आबांनी तेव्हा तिला दादांचीच गोष्ट सांगितली. १९२२ साली सिन्नरजवळच्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस शाळेवाचून मोठा झाला. मुंबईला आल्यावर कुणीतरी वाचायला पत्र हातात दिलं. वाचता येईना, तेव्हा त्यांना रडू कोसळलं. अक्षरं ते त्यानंतर शिकले, ऐन तारुण्यात, आणि १९४३पासून लिहू लागले. माय म्हणाली, “मंग मला कुठं उशीर झालाय?”

लग्न होऊन मी लातूरला आले. १५ मे २००४ला दादा नाशिकला वारले, तेव्हा सुट्टीसाठी माहेरीच होते. संध्याकाळी विहारापुढं लोक जमले. कुणी निरोप दिला नव्हता, तरी बहुतेकांनी आपापल्या वह्या आणलेल्या. फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, आबांनी पेटीचा भाता उघडला. दुसऱ्याच गाण्याला अडलं. एका वहीत एक शब्द, दुसरीत दुसरा, आबांच्या वहीत तिसराच. असं पूर्वीही व्हायचं आणि त्यावर उपाय ठरलेला होता: दादा पुन्हा इकडं आले की विचारून घेऊ. त्या रात्री सवयीनं एकाच्या तोंडून तेच निघालं. नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. दादा गेले म्हणजे काय झालं, ते मला त्या क्षणी कळलं. मग तिन्ही शब्द घालून ते कडवं तीनदा म्हटलं गेलं. मला आजही तोच निर्णय योग्य वाटतो.

अजून चाळीस दिवस झाले नव्हते, तोच २३ जूनला गायक प्रल्हाद शिंदे गेले. आबांनी पेटीवर कापड टाकलं आणि वही माझ्या पिशवीत घातली.

लातूरला तिच्यातलं एक गाणं मी वेगळ्याच कानानं ऐकलं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. दोनच दिवसांनी बाबासाहेबांची १२५वी जयंती. आमच्या बोळात बायका घागरी रांगेत लावून टँकरची वाट पाहत बसल्या होत्या. मी दादांचं पाणी मागणाऱ्याचं गाणं काढलं. त्यातली तहान शिवाशिवीची. आमची दुष्काळाची, आणि रांगेत सगळ्या जातींच्या घागरी. दोन्ही तहानांना एक म्हणू नये, हे मला माहीत होतं. तरी शेजारच्या काकूंनी ओळ झेलली.

माझा मुलगा पुण्यात असतो, गिटार वाजवतो. २०२४च्या जुलैत जॉन मेयॉल हा इंग्रज गायक नव्वदाव्या वर्षी गेला, तेव्हा मुलानं मला रात्री फोनवर त्याची गाणी ऐकवली. एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, मिक टेलर हे वादक त्याच्याच पार्टीत तयार झाले म्हणे. हे ब्लूज गाणं मूळ अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं. मेयॉल ते लहानपणी वडिलांच्या तबकड्यांवर गाणी ऐकत शिकला, आणि जे. बी. लेन्वा हा काळा गायक १९६७ साली वारला तेव्हा त्याच्या मरणावरच त्यानं गाणं रचलं. शब्द मला कळले नाहीत. पण गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, मग तिसरी उत्तरासारखी येते, हे ओळखीचं होतं. ज्यांच्या हाती कागद नाही, त्यांना ओळ दोनदा ऐकावीच लागते. मुलगा म्हणाला, “आई, आबांच्या वहीचे फोटो काढून ठेवू.”

दिवाळीत तो आला, आम्ही नांदेडला गेलो. आबा आता नाहीत. पानं उलटत तो फोटो काढत होता, माय शेजारी बसलेली. एका पानाचा कोपरा कसरीनं नेलेला, शेवटच्या कडव्यातली ओळ मध्येच तुटलेली. “आजी, इथं काय होतं?” मायनं चष्मा सारखा केला, भोकाच्या कडेवर बोट ठेवलं आणि नेहमीसारखी, एका अक्षराला एक पाऊल टाकत, वाचलं: “वा. म. न.”