लिस्बनमध्ये मिरचीचा माग

लिस्बनमध्ये नजर एका जागी ठरतच नाही. वर निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेली घरे. पायाखाली पांढऱ्या चुनखडीत काळा बेसाल्ट बसवून काढलेल्या लाटा. हजारो पायांनी घासून दगड इतके गुळगुळीत झालेत की उतारावर जपून चालावे लागते. पिवळी ट्राम अरुंद रुळांवरून कुरकुरत चढ चढते. तिला पाहून नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी आमची छोटी लाइन आठवली आणि शहराचे परकेपण जरा कमी झाले. ती गाडी २०१९ मध्ये बंद पडली.

पण मला ओढ होती लिस्बनच्याच बेलें भागाची. इथूनच १४९७ मध्ये वास्को द गामाची गलबते निघाली. मी भिवापूरची. आमच्या लालभडक मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. पण मिरची मुळात आपली नव्हे. ती अमेरिकेतली, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून हिंदुस्थानात उतरली. गावाला नाव मिळवून देणारे पीक ज्यांच्या जहाजांतून आले, त्यांचे बंदर पाहायचे होते.

तिथला जेरोनिमोसचा मठ पाहून मी थक्क झाले. खांबांवर कोरलेले दोरखंड इतके जिवंत, की पीळ बोटांनी चाचपावासा वाटतो. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून हे उभे राहिले. आत गामाची समाधी, दगडी हात जोडलेले. हा माणूस १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथेच पुरला गेला आणि पुढे मायदेशी आणला गेला. त्या जोडलेल्या हातांपुढे माझे हात काही जुळले नाहीत. मलबारच्या किनाऱ्यावर याच हातांनी केलेली जाळपोळ त्या दगडात कुठेच दिसत नाही. कारागिरांना मात्र मनापासून नमस्कार केला.

पोर्तुगालच्या त्या काळच्या वैभवामागे काळी मिरी होती, दालचिनी होती. मिरचीचे तसे नव्हते. ती परसात रुजली, मीठ-भाकरीसोबत गरिबाच्या ताटात गेली आणि आमच्या काळ्या जमिनीत शेतकऱ्याचे नगदी पीक झाली. सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, दिवसभर देठ खुडणाऱ्या बायांच्या बोटांची आग रात्री पाण्यात हात बुडवूनही शमत नाही. मिरचीचे स्मारक कोरायचेच झाले, तर मी ती बोटे कोरायला सांगेन.

संध्याकाळी एका खानावळीत भाजलेल्या कोंबडीसोबत तेलात मुरलेली बारीक लाल मिरची आली, पिरी-पिरी. “ही आमच्या मोझांबिकची,” वाढणारा अभिमानाने म्हणाला. पोर्तुगीज गलबतांनीच आफ्रिकेत नेलेली, तिथल्या लोकांनी आपली केलेली मिरची! मी त्याला भिवापूरचे नाव सांगितले. त्याने ते दोनदा म्हणून पाहिले.

रात्री आईचा फोन आला. “तिखट भेटते का वं तिकडं?”

“भेटते ना,” मी म्हटले, “आणि आपल्याच नात्यातलं आहे.”